एक आजारी, चौघे तयार: चेंबर म्युझिकच्या आयोजकांना खुले पत्र

चेंबर म्युझिकच्या, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायच्या पाश्चात्त्य संगीताच्या, मैफली भरवणारे आयोजक, सभागृहांचे व्यवस्थापक आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या समित्या यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी पानं उलटते. पियानोच्या डाव्या बाजूला, वादकाच्या किंचित मागे खुर्ची टाकून बसायचं, छापील सुरांवर नजर ठेवायची, पान संपायच्या दोन ओळी आधी उठायचं, डाव्या हातानं वरचा कोपरा चिमटीत धरायचा आणि वादकानं मान हलवली की उलटायचं. बाही कळपट्ट्यांसमोरून जाता कामा नये, हातात बांगड्या नकोत, आणि दोन पानं एकदम तर कधीच उलटायची नाहीत. कार्यक्रमपत्रिकेत आमचं नाव नसतं आणि त्याबद्दल माझं काही म्हणणंही नाही. पण त्या खुर्चीवरून वाजवणाऱ्यांचे चेहरे दिसतात, तालमीतलं बोलणं कानावर पडतं. म्हणून हे पत्र लिहायचा मला थोडा अधिकार आहे असं मी समजते.

गेल्या मोसमात जर्मन संगीतकार शूमानच्या पियानो क्विंटेटसाठी, म्हणजे पियानो आणि चार तंतुवाद्यं अशा पाच जणांच्या रचनेसाठी, मला बोलावलं होतं. पियानोवर मोठ्या नावाच्या एक बाई होत्या. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, आणि आजारपण ही ज्याची त्याची खासगी गोष्ट असते. त्यांच्या रेकॉर्ड ऐकत मी मोठी झाले, एवढं सांगितलं तरी पुरे. सोबत दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि चेलो असं चौघांचं क्वार्टेट. कार्यक्रम फार विचारानं आखलेला होता. पूर्वार्धात शूमानचं ए मेजरमधलं स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे त्या चौघांनीच वाजवायची रचना, ओपस (रचनाक्रमांक) ४१ मधलं तिसरं. मध्यंतर. उत्तरार्धात क्विंटेट, ओपस ४४. दोन्ही रचना १८४२ च्या, काही महिन्यांच्या अंतरानं लिहिलेल्या.

आदल्या संध्याकाळी तालीम झाली तेव्हाच बाईंचा घसा बसला होता. गरम पाण्याचा थर्मास पियानोच्या पायाशी ठेवून त्या वाजवत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता त्यांचा निरोप आला की रात्रभर ताप आहे, उठवत नाही. अडीच वाजता आयोजकांच्या कार्यालयातून दुसरा निरोप आला की मैफल रद्द. सगळी. पूर्वार्धासकट.

पूर्वार्धात पियानो नव्हताच. ते चौघं तो भाग त्या संध्याकाळी वाजवणार होते, ते चौघंही इमारतीत हजर होते आणि पियानोवादिका आजारी पडल्यामुळे त्यांच्या त्या भागात एका सुराचाही फरक पडणार नव्हता. तरीही तो रद्द झाला.

ग्रीन रूममध्ये निरोप आला तेव्हा दुसरी व्हायोलिन वाजवणारी मुलगी गजावर राळ घासत होती. ऐकल्यावरही तिचा हात थोडा वेळ तसाच चालत राहिला. चेलोवाल्यानं विचारलं, "पण पहिला भाग?" निरोप घेऊन आलेला कर्मचारी वयानं लहान होता, त्याला सांगितलं होतं तेच तो सांगत होता. तो म्हणाला, "लोक त्यांच्यासाठी येतायत ना." कुणीच काही बोललं नाही. मग एकेकानं गज सैल केले आणि वाद्यं पेट्यांत ठेवली. संध्याकाळी दारावर 'अपरिहार्य कारणामुळे' असा कागद चिकटवला होता. मी मुद्दाम तिथं थांबले होते. एक वयस्क जोडपं आलं, त्यांनी कागद दोनदा वाचला आणि त्यातल्या आजींनी दारावरच्या माणसाला विचारलं, "क्वार्टेटसुद्धा नाही?" त्याला उत्तर देता आलं नाही.

लोक त्यांच्यासाठी येतात. या एका वाक्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे, कारण हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं असं नाही.

जी रचना त्या दिवशी रद्द झाली तिचीच गोष्ट सांगते. रॉबर्ट शूमाननं हे क्विंटेट १८४२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लिहिलं आणि आपल्या बायकोला, क्लाराला अर्पण केलं. पियानोची बाजू तिच्या हातांसाठी आहे हे पहिल्या पानापासून कळतं. ६ डिसेंबर १८४२ रोजी लाइपझिगमध्ये एका स्नेह्यांच्या घरी ते पहिल्यांदा वाजणार होतं आणि पियानोवर अर्थातच क्लारा बसणार होती. ती आजारी पडली. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांना दुसरी मुलगी झाली, म्हणजे त्या डिसेंबरात क्लारा गरोदर होती, हेही लक्षात घ्यायला हवं. तरीही बैठक मोडली नाही. संगीतकार फेलिक्स मेंडेल्सन तिथं होता. तो पियानोवर बसला आणि ती अवघड बाजू त्यानं समोर ठेवलेल्या कागदांवरून तशीच वाजवून दाखवली. वाजवून झाल्यावर त्यानं सूचना केल्या, आणि त्या पटल्यामुळे शूमाननं मधल्या भागांत फेरफार केले. आज आपण जे क्विंटेट ऐकतो त्यात त्या संध्याकाळचा वाटा आहे. महिन्याभरानं, ८ जानेवारी १८४३ रोजी, लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहात पहिला जाहीर प्रयोग झाला तेव्हा पियानोवर क्लारा होती. तेव्हाही गरोदरच.

त्या घरातल्या कुणी असं म्हटलं असतं की लोक क्लारासाठी आलेत, दिवे मालवा, तर? आणि क्लारासाठी लोक खरोखरच येत होते, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. नऊ वर्षांची असताना, १८२८ मध्ये, ती गेवांडहाउसच्या मंचावर पहिल्यांदा बसली आणि शेवटचा जाहीर कार्यक्रम तिनं १८९१ मध्ये फ्रँकफर्टला केला. मध्ये साठाहून जास्त वर्षं, आठ बाळंतपणं, १८५६ मध्ये नवऱ्याचा मृत्यू आणि त्यानंतर मुलांसाठी केलेले अखंड दौरे. १८७० च्या दशकात हात इतका दुखायला लागला की तिला बराच काळ मैफली थांबवाव्या लागल्या. बरी झाल्यावर ती परत वाजवायला आली.

तिच्या नावाच्या वजनाखाली घरातल्याच माणसाची काय अवस्था व्हायची, तीही गोष्ट त्याच १८४२ सालची आहे. हिवाळ्यात दोघं दौऱ्यावर होते. ओल्डेनबुर्गच्या दरबारात क्लाराला बोलावणं आलं, रॉबर्टला आलं नाही. त्याला ते फार लागलं. पुढे ती कोपनहेगनला गेली आणि तो लाइपझिगला एकटा परतला. उदास मनानं घरी बसून त्यानं हायडन आणि मोझार्टची क्वार्टेट अभ्यासली, उन्हाळ्यात स्वतःची तीन लिहिली, शरद ऋतूत हे क्विंटेट लिहिलं आणि लगेच पियानो क्वार्टेटही. हे सगळं चेंबर म्युझिक, म्हणजे ज्यात कुणा एकाला दरबारात बोलावून बाकीच्यांना दाराबाहेर ठेवता येत नाही असं संगीत. ओल्डेनबुर्गमुळेच त्यानं हे लिहिलं असा दावा मी करणार नाही. पण तुमचं पोस्टर पाहिलं तेव्हा मला ओल्डेनबुर्ग आठवलं. त्यावर बाईंचं नाव तळहाताएवढ्या अक्षरांत होतं, खाली क्वार्टेटचं नाव बोटाएवढं, आणि त्या चौघांची स्वतःची नावं तर कुठेच नव्हती.

हे 'तुमचं' पोस्टर मी सगळ्यांना मिळून म्हणते आहे. त्या एका आयोजकावर राग काढायला मी बसलेली नाही. अशी पोस्टरं सगळीकडे लागतात.

तुम्ही म्हणाल, मोठ्या वादकांना असंच हवं असतं. माझा अनुभव वेगळा आहे, आणि मोठ्यांची उदाहरणंही वेगळं सांगतात. पियानोवादक मार्था आर्गेरिचकडे पाहा. १९५७ मध्ये, सोळाव्या वर्षी, बोल्झानो आणि जिनीव्हा या दोन्ही स्पर्धा त्यांनी काही आठवड्यांच्या अंतरानं जिंकल्या. १९६५ मध्ये वॉर्सातली शोपँ स्पर्धा जिंकली तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. एकट्यानं मंचावर बसून जगभर फिरायला याहून जास्त काय लागतं? पण १९८० च्या दशकापासून त्यांनी एकट्यानं वाजवणं जवळजवळ सोडलं. मंचावर फार एकटं वाटतं, असं त्या स्वतः सांगत आल्या आहेत. गिडॉन क्रेमर, मिशा मायस्की, नेल्सन फ्रेअर अशा सोबत्यांबरोबर त्या वाजवत राहिल्या, आणि लुगानोत २००२ ते २०१६ त्यांच्या नावानं भरलेल्या महोत्सवात तर कितीतरी तरुण वादकांना त्यांनी शेजारी बसवलं. १९९० मध्ये त्यांना मेलानोमाचं, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाचं निदान झालं. पुढे ज्या संस्थेत उपचार झाले तिच्या मदतीसाठी २००० साली त्यांनी कार्नेगी हॉलमध्ये मैफल केली. पूर्वार्ध एकट्यानं वाजवला, कितीतरी वर्षांनी, आणि उत्तरार्धात सोबती घेतले.

आर्गेरिच यांच्या रद्द झालेल्या मैफलींची चर्चाही नेहमी होते, बऱ्याचदा लहरीपणाचा किस्सा म्हणून. मला ते किस्से आवडत नाहीत. तापानं, भीतीनं किंवा दुखण्यानं माणूस वाजवू शकत नाही हे त्याला ठरवू द्यावं, पुरावा मागू नये. त्या दिवशी आमच्या बाईंनी दुपारी दोन वाजता स्वच्छ शब्दांत कळवलं, ते अगदी योग्य केलं. त्यापुढचं जे झालं ते बाईंनी केलेलं नाही.

उलट बाईंनी आदल्या दिवशी काय केलं ते सांगते. क्विंटेटच्या पहिल्या भागात, सुरुवातीचं ते ऐटदार पान ओलांडलं की एक जागा येते जिथं चेलो एक ओळ म्हणतो आणि व्हायोला तिला उत्तर देतो. चेलोचे सूर खाली उतरतात, व्हायोलाचे वर चढतात. पियानो त्या वेळी नुसता खाली हलकेच हलत असतो. तालमीत तिथं आल्यावर बाई थांबल्या. त्यांनी व्हायोलावाल्याला विचारलं, "तुम्हाला मी ऐकू येते का?" तो म्हणाला, "हो." "म्हणजे फार मोठं वाजवतेय," असं म्हणून त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि ती ओळ दोघांनाच वाजवायला सांगितली. एकदा ऐकली. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोळे मिटले. मग पियानोवर हात ठेवले आणि तिसऱ्या वेळी इतकं हळू वाजवलं की माझ्या खुर्चीवर, दोन हातांवर बसलेल्या मला, व्हायोलाच्या गजाची सरसर ऐकू येत होती. माझ्या प्रतीत त्या जागेवर त्यांनी पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला: 'त्याला'. म्हणजे त्याला ऐक.

ज्या बाईंनी तो शब्द लिहिला त्यांच्या नावावर, त्यांना न विचारता, तो व्हायोलावाला दुसऱ्या दिवशी घरी पाठवला गेला. मला हे सहन झालं नाही.

बदली वादकांच्या कथा तुम्हाला प्रिय असतात, माहितीपत्रकांत तुम्ही त्या हौसेनं छापता. जानेवारी १९६३ मध्ये पियानोवादक ग्लेन गूल्ड आजारी पडला आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर सोळा वर्षांच्या आंद्रे वॉट्सनं लिस्टचा कॉन्चेर्टो वाजवला. १९९९ मध्ये त्याच वॉट्सच्या जागी सतरा वर्षांचा लांग लांग शिकागो सिम्फनीबरोबर बसला. २००७ मध्ये बॉस्टनला आर्गेरिच यांच्या जागी युजा वांग आली, तेव्हा ती वीस वर्षांची होती. या गोष्टी खऱ्या आहेत आणि सुंदर आहेत. पण त्या सगळ्या कॉन्चेर्टोच्या आहेत. तिथं मागे ऑर्केस्ट्रा आणि कंडक्टर असतो, रचना सगळ्यांना तोंडपाठ असते, एक पियानोवादक उठून दुसरा बसला तरी गाडी चालते. क्विंटेटमध्ये पाच जणांनी एकमेकांचा श्वास ओळखायला वेळ द्यावा लागतो. मेंडेल्सन काही रोज कुणाच्या घरी येऊन बसलेला नसतो. म्हणून अडीच वाजता कुणालाही पकडून आणा आणि आठ वाजता क्विंटेट वाजवा, असा माझा आग्रह अजिबात नाही. तसं केलं असतं तर ते वाईट झालं असतं.

माझी मागणी त्यापेक्षा खूप लहान आहे. जे हजर आहेत त्यांना वाजवू द्या.

अशा वेळी पूर्वार्ध ठरल्याप्रमाणे होऊ द्यावा. उत्तरार्धात काय, हे त्या चौघांना विचारावं. नियमित वाजवणाऱ्या कुठल्याही क्वार्टेटकडे मोसमात तीनचार रचना तयार असतात. त्या दिवशी चेलोवाल्याच्या पेटीत हायडनच्या एका क्वार्टेटचे कागद होते, मी स्वतः पाहिले. पियानो ट्रिओतला पियानोवादक आजारी पडला तरी व्हायोलिन आणि चेलो उरतात, आणि त्या दोघांसाठी राव्हेलनं सोनाटा लिहून ठेवला आहे, कोडायनं ड्युओ लिहून ठेवला आहे. पियानो क्वार्टेट असेल तर मागे तिघं राहतात. त्यांच्यासाठी बेथोव्हनचे ओपस ९ मधले ट्रिओ आहेत, मोझार्टचा ई फ्लॅटमधला डिव्हर्टिमेंटो आहे. हे सगळं त्याच दिवशी वाजेल असं नाही. पण विचारून तर पाहावं. त्या अर्ध्या तासात ग्रीन रूममध्ये कुणीही विचारायला आलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच टोचतं.

तिकिटांचं म्हणाल तर दारावर प्रामाणिकपणे लिहा की अमुक वादक आजारी आहेत, क्वार्टेटचा कार्यक्रम होईल, ज्यांना पैसे परत हवेत त्यांना मिळतील. 'अपरिहार्य कारणामुळे' असं लिहू नका, लोक त्यावरून नाही नाही ते तर्क करतात. काही जण परत जातील. त्यांनी त्या बाईंसाठीच तिकीट काढलेलं असतं आणि त्यात गैर काहीच नाही. मीही नुसतं नाव पाहून तिकिटं काढली आहेत. पण त्या आजींसारखे काही जण बसतील. अर्धं सभागृह रिकामं असेल तर लोकांना पुढे बोलवा. असं संगीत मुळात घरातल्या खोलीत बसून ऐकण्यासाठीच जन्मलं आहे, मोकळ्या खुर्च्यांनी त्याचं काही बिघडत नाही.

मानधनाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण हा विषय वादकांनी स्वतः काढला की त्यांना पुढच्या वर्षी बोलावलं जात नाही, अशी धास्ती त्यांना असते. एका वादकाच्या आजारपणामुळे तुम्ही कार्यक्रम रद्द केलात, तर जे आले, ज्यांनी तालीम केली आणि जे वाजवायला तयार होते त्यांचे पैसे पूर्ण द्या. करारात तसं नसेल तर करारात घाला. त्या चौघांना त्या दिवशी काय मिळालं हे मला त्यांनी सांगितलं, पण ते इथं लिहायची परवानगी मी घेतलेली नाही.

आणि पोस्टर. मेनाहेम प्रेसलर यांची कारकीर्द तुम्हाला माहीत आहे. १९५५ मध्ये बोझार ट्रिओ सुरू झाला तेव्हापासून २००८ मध्ये तो थांबेपर्यंत पियानोवर तेच होते. व्हायोलिनवादक बदलले, चेलोवादक बदलले, प्रेसलर राहिले. त्रेपन्न वर्षं. मनात आणलं असतं तर पहिल्या बदलानंतरच त्यांना 'प्रेसलर आणि सोबती' असं नाव लावता आलं असतं. शेवटपर्यंत पाटीवर नाव राहिलं ते ट्रिओचं. ट्रिओ थांबल्यावर, वयाच्या नव्वदीत, ते बर्लिन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर एकल वादक म्हणून बसले, आणि तेव्हाही लोक आलेच. 'अमुक आणि सोबती' ही जाहिरातीतली भाषा तुम्ही रोज वापरता, आणि मग आजारपणाचा फोन आला की तुम्हालाच ती खरी वाटायला लागते. पाच जण वाजवणार असतील तर पाच नावं सारख्या अक्षरांत छापा. तसं केलं तर तो तरुण कर्मचारी ग्रीन रूममध्ये ते वाक्य उच्चारू शकणार नाही. त्याच्याच हातातल्या पत्रकावर त्या चौघांची नावं असतील.

बाई आता बऱ्या आहेत. दोन महिन्यांनी त्यांनी मला पत्र पाठवलं, माझी प्रत त्यांच्याकडे राहिली होती ती परत करायला. पत्रात त्यांनी विचारलं होतं की क्वार्टेटचा पूर्वार्ध कसा झाला. झालाच नाही हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं. मला ते लिहावं लागलं, आणि ते वाक्य लिहायला मला फार वेळ लागला.

ती प्रत आता माझ्या टेबलावर आहे. चौतीस पानांचे कोपरे मी आधीच किंचित वाकवून ठेवले आहेत, म्हणजे घाईच्या जागी बोटाला सापडतात, विशेषतः त्या तिसऱ्या भागात, जिथं सुरांच्या शिड्या सारख्या वर-खाली धावतात आणि पान बघता बघता संपतं. 'त्याला' हा शब्द अजून तिथं आहे, पुसलेला नाही. तुमच्यापैकी कुणीही हे क्विंटेट पुन्हा ठरवलं तर मला कळवा, मी येईन. आणि त्या दिवशी दुपारी दोन वाजता फोन आलाच, तर कागद चिकटवण्याआधी ग्रीन रूमपर्यंत या आणि आत जे कोण असतील त्यांना विचारा की आज तुम्ही काय वाजवू शकाल.

आपली,
पानं उलटणारी एक बाई